श्वार्झशिल्ड : त्रिज्येमागचा माणूस

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी कृष्णविवर हा विषय घेतला. दर दुसऱ्या स्लाइडवर ‘श्वार्झशिल्ड त्रिज्या’ होती. कॉन्व्हेंटची असूनही मला ते नाव धड उच्चारता येईना! मग म्हटलं, हा माणूस होता तरी कोण?

कार्ल श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ चा, फ्रँकफुर्टच्या एका ज्यू कुटुंबातला. सोळाव्या वर्षीच जोडताऱ्यांच्या कक्षांवर त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले. (त्या वयात आपण क्लासच्या नोट्स झेरॉक्स करत होतो.) पुढे व्हिएन्नाच्या कुफनर वेधशाळेत त्यांनी ताऱ्यांचं तेज फोटोच्या काचेवर मोजायची पद्धत बसवली आणि रूपविकारी ताऱ्यांचं कमी-जास्त होणारं तेज मोजलं. १९०१ मध्ये ते गटिंगेनला आणि १९०९ मध्ये पॉट्सडॅमच्या वेधशाळेचे संचालक झाले.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. चाळिशी उलटली होती, तरी ते स्वतःहून सैन्यात गेले. तिथे हवामान केंद्र सांभाळलं, तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं केली. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनने आपली समीकरणं मांडली. त्यांचं अचूक उत्तर खुद्द आइनस्टाइनकडेही नव्हतं. श्वार्झशिल्डनी ते महिनाभरात काढून आघाडीवरून पत्राने कळवलं. त्यातूनच ती त्रिज्या आली : सूर्यासाठी सुमारे ३ किलोमीटर. ‘कृष्णविवर’ हा शब्दही तेव्हा नव्हता. आघाडीवरच त्यांना अंगभर फोड येणारा त्वचेचा असाध्य आजार जडला आणि ११ मे १९१६ रोजी, ४२ व्या वर्षी ते गेले.

आता गंमत बघा. एनजीसी ४०५१ सारख्या सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून येणारे क्ष-किरण काही मिनिटांत कमी-जास्त होतात. १९८० च्या दशकात एक्सोसॅट उपग्रहाने हे नीट दाखवलं. जी वस्तू दहा मिनिटांत अख्खी मंद होते, ती प्रकाशाच्या दहा मिनिटांच्या प्रवासाहून, म्हणजे १८ कोटी किलोमीटरहून फार मोठी असू शकत नाही. एवढ्याशा जागेत लाखो सूर्यांचं वस्तुमान! मग कृष्णविवराशिवाय दुसरं उत्तर सापडणं कठीण. म्हणजे त्यांचं तरुणपणीचं काम, बदलतं तेज मोजणं, आणि शेवटचं काम, ती त्रिज्या, दोन्ही एकाच आलेखावर येऊन भेटली. ते बघायला मात्र ते नव्हते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. ज्या देशासाठी ते आपणहून लढायला गेले, तिथूनच १९३६ मध्ये नाझी राजवटीमुळे त्यांचा मुलगा मार्टिन याला बाहेर पडावं लागलं. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला तोही मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला.

सेमिनारची दहा मिनिटं फॉर्म्युल्यातच संपली. माणूस सांगायचा राहिला, म्हणून इथे लिहिलं.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स