दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५, डहाणू – १९८६, देवळाली) हे मराठी गणितज्ञ आणि शाळाशिक्षक होते. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक', 'कापरेकर संख्या', हर्षद संख्या, स्वयंभू संख्या आणि डेम्लो संख्या यांसाठी ते ओळखले जातात. यांपैकी डेम्लो संख्यांचे नाव डोंबिवली या रेल्वेस्थानकावरून आले आहे. गणितातील पदव्युत्तर शिक्षण किंवा विद्यापीठातील पद यांपैकी काहीही नसताना त्यांनी आयुष्यभर संख्यांच्या गुणधर्मांवर संशोधन केले. त्यांनी सांगितलेल्या अंकांच्या रीती आज संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या आणि तपासण्याच्या सरावात जगभर वापरल्या जातात.

सुरुवातीचे जीवन

कापरेकरांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. डहाणू तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले व पुढे त्यांचा सांभाळ वडिलांनी केला. वडिलांच्या ज्योतिषातील आकडेमोडीतून त्यांना लहान वयातच अंकांची गोडी लागली. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. गणिती कोडी सोडवणे हा त्यांचा शालेय वयापासूनचा छंद होता.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनाला रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले.

अध्यापन

पदवीनंतर कापरेकर नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत होते. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते संशोधन करीत आणि गणित परिषदांना उपस्थित राहत. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन चरितार्थाला पुरत नसल्याने उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या.

डेम्लो संख्या

ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यान असलेले डोंबिवली हे स्थानक त्या काळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर होते आणि त्याचा उल्लेख 'डेम्लो' असाही होई. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील या स्थानकावर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. डेम्लो संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली असता मधल्या भागातील अंकच पुन्हा पुन्हा मिळतो. १२३२१ या संख्येत १२ आणि २१ यांची बेरीज ३३ येते व मधला अंक ३ आहे. १२३४३२१ या संख्येत १२३ आणि ३२१ यांची बेरीज ४४४ येते व मधला अंक ४ आहे.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्या अनुक्रमे १, ११, १११ आणि ११११ यांचे वर्ग आहेत. त्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. वर्गातील अंकांचा हा चढता-उतरता क्रम नऊ एककांपर्यंत टिकतो. दहा एककांच्या संख्येचा वर्ग करताना हातचा येतो आणि क्रम बदलतो.

कापरेकर स्थिरांक

१९४६ मध्ये कापरेकरांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म आढळला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावरील लेख प्रसिद्ध केला.

रीत अशी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून सर्वांत मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून सर्वांत लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. त्यानंतर उत्तर बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च मिळते. १७२९ पासून सुरुवात केल्यास ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात. येथे सातही पायऱ्या लागतात.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांना स्थिरांक नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्याही एका संख्येवर न थांबता निरनिराळ्या चक्रांत जातात.

इतर संख्या

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आहे आणि २० व २५ यांची बेरीज ४५ होते. २९७ आणि ७०३ याही कापरेकर संख्या आहेत.

आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आहे आणि ६१७४ ला १८ ने भागल्यास ३४३ येतात. त्यामुळे कापरेकर स्थिरांक ही हर्षद संख्याही आहे.

कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. १५ मध्ये ६ मिळवले की २१ होतात. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून मिळत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या सुरुवातीच्या स्वयंभू संख्या होत. १९७० च्या दशकात कोलंबियातील गणितज्ञ बर्नार्डो रेकामान यांनीही याच संख्या मांडल्या. त्यामुळे त्यांना कोलंबियन संख्या असेही नाव मिळाले.

उपेक्षा आणि मान्यता

कापरेकरांच्या काळातील अनेक भारतीय गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. या गुणधर्मांतून व्यापक सिद्धान्त निघत नाहीत आणि बरेचसे गुणधर्म दशमान पद्धतीवरच अवलंबून आहेत, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे बहुधा बंद असल्याने त्यांनी अनेक पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रकाशित केल्या. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या संख्यांची ओळख करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर पोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.

संगणकशास्त्रातील उपयोग

६१७४ चा गुणधर्म सापडला तेव्हा भारतात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. कापरेकरांनी संगणकशास्त्रावर काम केले नाही. तरीही त्यांच्या रीती निश्चित पायऱ्यांच्या, कोणत्याही यंत्राला सांगता येण्याजोग्या असल्याने आज्ञावली लिहायला शिकणाऱ्यांना त्या नेहमी दिल्या जातात. सॉफ्टवेअर चाचणीच्या मूलभूत पद्धती समजून घेण्यासाठीही ६१७४ ची रीत सोयीची आहे.

पहिली पद्धत सर्व शक्यता तपासण्याची. पुढील शून्ये धरल्यास ०००० ते ९९९९ अशा १०,००० संख्या होतात. चारही अंक सारखे असलेल्या १० वगळल्या की ९,९९० उरतात. आजचा संगणक त्या सर्व क्षणार्धात तपासू शकतो, परंतु बहुतेक व्यावहारिक सॉफ्टवेअरमध्ये शक्यता इतक्या असतात की प्रत्येक तपासणे अशक्य ठरते.

दुसरी पद्धत समतुल्य गट पाडण्याची. ज्या सर्व निविष्टींना आज्ञावली सारखीच वागणूक देते, त्यांच्या गटातील एक तपासली तरी पुरते. कापरेकरांच्या रीतीत पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज म्हणजे ते उत्तर. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा नसतो. म्हणून ९,९९० संख्यांपासून पहिल्या पायरीनंतर केवळ ५४ उत्तरे निघतात. तेवढी तपासली की गुणधर्म कागद-पेन्सिलीनेही पूर्णपणे सिद्ध होतो.

तिसरी पद्धत सीमेवरील मूल्ये तपासण्याची. २१११ या संख्येपासून पहिले उत्तर ९९९ येते. ते ०९९९ असे चार अंकी धरले तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ मिळतात. आज्ञावलीने पुढचे शून्य गाळले, तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य उरते आणि उत्तर चुकते. १७२९ वर बरोबर चालणारी आज्ञावली २१११ वर अशी फसू शकते. त्याचप्रमाणे, उत्तर स्थिर होईपर्यंत क्रिया करीत राहा, अशी आज्ञा दोन अंकी संख्यांवर चालवल्यास ती कधीच थांबत नाही. कापरेकर संख्यांतही ही काळजी लागते. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१ आहे. त्याचे २३८ आणि ०४६४१ असे भाग केल्यास बेरीज ४८७९ येते. पुढे शून्य असलेला भाग चालेल की नाही, हे व्याख्येत आधीच ठरवावे लागते.

कापरेकरांच्या संशोधनात वारंवार येणारी अंकांची बेरीज जुन्या अंकगणितात ताळा पाहण्यासाठी वापरली जाई. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीइतकीच असते, हे त्यामागील तत्त्व आहे. संगणकांच्या जाळ्यातही याच प्रकारचा ताळा वापरतात. इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये चेकसम असते. पाठवणारा संगणक हेडरचे १६ बिटांचे तुकडे करून त्यांची बेरीज करतो, हातचा परत बेरजेत मिळवतो आणि त्यावरून काढलेला आकडा हेडरमध्ये लिहितो. घेणारा संगणक तीच बेरीज पुन्हा करतो. ताळा न जुळल्यास पॅकेट टाकून दिले जाते. दशमान पद्धतीत १० पेक्षा एकाने लहान असलेल्या ९ चे जे स्थान आहे, तेच येथे २ च्या १६ व्या घातापेक्षा एकाने लहान असलेल्या ६५,५३५ चे आहे. दोन्हींची उणीवही सारखीच आहे. ४५ ऐवजी ५४ लिहिले तर अंकांची बेरीज बदलत नाही, आणि हेडरमधील दोन तुकड्यांची अदलाबदल झाली तर चेकसमला ती कळत नाही. त्यामुळे इथरनेटसारख्या जाळ्यांत चक्रीय पडताळणीची अधिक काटेकोर रीत वापरतात.

निधन आणि वारसा

कापरेकरांचे १९८६ मध्ये देवळाली येथे निधन झाले. स्थिरांक आणि संख्या यांना त्यांचे नाव कायम जोडले गेले असून करमणुकीच्या गणितावरील लेखनात त्यांचा उल्लेख जगभर होतो. चार अंकांऐवजी अधिक अंकांच्या आणि दशमानेतर पद्धतींतील संख्यांचे वर्तन कसे असते, यावर त्यांच्या पश्चात संशोधन चालू राहिले. कापरेकरांच्या रीती दशमानापुरत्याच आहेत या जुन्या आक्षेपाची तपासणीही त्यातून होत गेली. त्यांच्या बहुतेक रीतींना बेरीज, वजाबाकी आणि वर्ग यांपलीकडचे गणित लागत नसल्याने त्या शालेय विद्यार्थ्यांनाही स्वतः पडताळून पाहता येतात.