विश्लेषण : बोरघाट उतरताना गाडी मध्येच का थांबते? घाटमार्ग आखणारे जेम्स बर्कली कोण होते?

पुण्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी येथे क्षणभर थांबतात. तिथे ना गाव, ना बाजार. मग थांबा कशासाठी? उत्तरासाठी हा मार्ग आखणाऱ्या अभियंत्यापर्यंत मागे जावे लागते.

जेम्स जॉन बर्कली यांचा जन्म १८१९चा, लंडनचा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि १८५०मध्ये जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. १८५३ची मुंबई-ठाणे गाडी त्यांच्याच कारकिर्दीतली. खरी परीक्षा पुढे होती. १८५६मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले. त्यापुढचा घाट प्रवाशांना रस्त्यानेच चढावा लागे.

घाटात काय अडचण होती?

पळसदरी ते लोणावळा सुमारे २५ किलोमीटरमध्ये साधारण ५५८ मीटर चढायचे होते. काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट चढ. बर्कलींनी २५ बोगदे आखले आणि जिथे वळायला जागाच नव्हती तिथे रिव्हर्सिंग स्टेशन ठेवले, म्हणजे गाडी थांबून उलट दिशेने निघायची. कल्पना हुशारीची, पण उतारावर सुटलेल्या गाडीला तिथे पुढे रूळच नव्हता.

कामाची किंमत मजुरांनी मोजली. १८६१मध्ये ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग, कडे आणि कॉलरा यांनी हजारोंचा बळी घेतला. १८५९च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले. पत्नी अॅलिस यांनी काम पुढे नेले.

प्रकृती ढासळल्याने बर्कली १८६१मध्ये मायदेशी परतले. ऑगस्ट १८६२मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घाटमार्ग १८६३मध्ये सुरू झाला, तो त्यांनी पाहिला नाही.

मग काय चुकले?

जुलै १८६७मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. दोष आखणीचा नव्हता, बांधकामाच्या दर्जाचा होता. इतक्या घाईच्या कामावर देखरेख कमी पडली, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर मार्गावरचे इतर पूल तपासले गेले, अनेकांची फेरबांधणी झाली. जानेवारी १८६९मध्ये उतरणारी मेल गाडी ताबा सुटून रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकापलीकडे गेली. जीवितहानी झाली. ते स्टेशन १९२०च्या दशकाअखेरीस नव्या मार्गामुळे बंद पडले.

उतार मात्र कायम आहे. म्हणून घाटात सांधे एरवी चढावर जाणाऱ्या 'कॅच सायडिंग'कडे वळवलेले असतात. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन थांबते. गाडी आधीच नीट थांबली, तरच तिला मुख्य मार्ग मिळतो.