वादा एई

वादा एई (जन्म : १८५७, मृत्यू : १९२९) या जपानमधील आरंभीच्या यांत्रिक रेशीम उद्योगातील कुशल कामगार, प्रशिक्षिका आणि आठवणीकार होत्या. त्यांचे माहेरचे नाव योकोता एई. 'तोमिओका निक्की' या त्यांच्या आठवणी म्हणजे मेइजी काळातील गिरणीजीवनाविषयी प्रत्यक्ष कामगार स्त्रीने लिहिलेला दुर्मीळ दस्तऐवज होय.

== प्रारंभिक जीवन ==
एई यांचा जन्म शिनानो प्रांतातील मात्सुशिरो (सध्याचे नागानो शहर) येथे सामुराई कुटुंबात झाला. मेइजी पुनःस्थापनेनंतर सामुराईंचे परंपरागत वेतन व मान दोन्ही ओसरले. त्यांचे बंधू योकोता हिदेओ पुढे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले.

== तोमिओका गिरणी ==
निर्यातीच्या रेशमाचा दर्जा सुधारण्यासाठी सरकारने १८७२ मध्ये गुन्मा प्रांतातील तोमिओका येथे ३०० कुंड्यांची गिरणी उभारली. फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना तिचे मार्गदर्शक होते. परदेशी लोक मुलींचे रक्त पितात, अशी अफवा पसरल्याने कामगार मिळेनात. तेव्हा स्थानिक अधिकारी असलेल्या एई यांच्या वडिलांनी इतरांपुढे उदाहरण म्हणून स्वतःच्या मुलीलाच पाठविले. १८७३ मध्ये मात्सुशिरोच्या १६ मुलींच्या गटात त्या तेथे दाखल झाल्या.

सुरुवातीला त्यांना कोष निवडण्याचे काम मिळाले. नंतर आलेल्या यामागुची प्रांतातील मुलींना थेट धागा काढण्याच्या कामावर बसविल्याने मात्सुशिरोच्या मुलींनी या पक्षपाताविषयी तक्रार केली. पुढे एई यांनी प्रथम श्रेणीच्या कामगाराचा दर्जा मिळविला. तोमिओकात रविवारची सुटी, वसतिगृह आणि वैद्यकीय सेवा यांची सोय होती.

== प्रशिक्षिका ==
१८७४ मध्ये त्या मात्सुशिरोजवळील नव्या वाफचलित गिरणीत प्रशिक्षिका म्हणून परतल्या. ही गिरणी पुढे रोक्कोशा या नावाने प्रसिद्ध झाली. येथील यंत्रसामग्री तोमिओकाच्या तुलनेत साधी होती. तरीही तोमिओकात शिकलेल्या पद्धतीनेच धागा काढला जावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर त्यांनी नागानो प्रांताच्या सरकारी गिरणीतही शिकविले. वादा सेइजी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्यांनी गिरणीकाम सोडले.

== लेखन ==
'निक्की' म्हणजे रोजनिशी. परंतु 'तोमिओका निक्की' ही त्या काळी रोज लिहिलेली नोंद नाही. एई यांनी १९०७ पासून, सुमारे तीन दशकांनंतर, स्मरणाच्या आधारे हे लेखन केले. राष्ट्रकार्यात सहभागी असल्याचा अभिमान त्यात ठळकपणे जाणवतो.

== ऐतिहासिक महत्त्व ==
एई यांचा अनुभव सर्व गिरणी कामगार स्त्रियांचा प्रातिनिधिक अनुभव मानता येत नाही. तोमिओकातील पहिल्या मुलींपैकी अनेक जणी सामुराई घराण्यांतील होत्या आणि शिकून इतरांना शिकविणे हा त्यांचा हेतू होता. पुढील दशकांत खासगी गिरण्यांत प्रामुख्याने गरीब शेतकरी कुटुंबांतील मुली आल्या. पालकांनी घेतलेली उचल फेडण्यासाठी त्यांना बारा तासांहून अधिक काळ राबावे लागे. वसतिगृहातून बाहेर पडण्यावर निर्बंध असत आणि क्षयरोगाने अनेकींचा बळी घेतला. सूतगिरण्यांतील अशाच स्थितीचे चित्र होसोई वाकिझो यांनी 'जोको आइशी' (१९२५) या ग्रंथात मांडले. त्यामुळे त्या काळाचे आकलन होण्यासाठी ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

तोमिओका गिरणीचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.