चेतातंतूंचा वेध घेणारा संशोधक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

महारोग म्हटला की झडलेली बोटे आणि बसलेले नाक डोळ्यांपुढे उभे राहते. हा रोग कातडीचा, अंग सडवणारा, अशी समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आली. वस्तुस्थिती निराळी आहे. रोगजंतू बोटे खात नाहीत. हाताला चटका बसतो, पायात काटा रुततो, पण रोग्याला ते कळतच नाही. जखम तशीच राहते, चिघळते, हाडापर्यंत पोचते आणि मग बोट जाते. म्हणजे खरे नुकसान होते ते कातडीची खबर मेंदूकडे नेणाऱ्या चेतातंतूंचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या गोष्टीचा चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या भारतीयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कर्करोगाचे संशोधक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजू मात्र काहीशी झाकलेलीच राहिली.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळवली. अशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत उत्तम व्यवसाय थाटता आला असता. खानोलकरांनी मात्र अध्यापन आणि प्रयोगशाळा हीच वाट धरली. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या संस्थांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले.

या सगळ्या व्यापातही कुष्ठरोगाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. नॉर्वेतील हॅन्सेन याने १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधून काढला होता. परंतु हा जंतू मोठा हट्टी. इतर जंतूंप्रमाणे तो काचेच्या बशीत वाढत नाही. आजही त्याला तसा वाढवता आलेला नाही. तेव्हा रोग्याच्या त्वचेचा बारीकसा तुकडा घेऊन तो तपासणे, हाच त्या काळी अभ्यासाचा मुख्य मार्ग होता. खानोलकरांनी मुद्दाम सुरुवातीच्या अवस्थेतील चट्टे निवडले. रोग बळावल्यावर काय होते ते सर्वांना दिसतच होते. तो शिरतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा हा अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५१ साली प्रसिद्ध केला. अगदी कोवळ्या चट्ट्यातही त्वचेतील सूक्ष्म चेतातंतूंना बाधा झालेली असते, हे त्यांना आढळले. तेथून जंतू तंतूच्या आधाराने वर सरकत मोठ्या चेतांपर्यंत पोचतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

याचे महत्त्व समजण्यासाठी चेतातंतूची रचना थोडी पाहिली पाहिजे. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे अनेक चेतातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. हे नाव फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये दिले. मेंदू व मज्जारज्जू यांच्या बाहेर हे आवरण श्वॉन पेशी तयार करतात. पेशीचे पातळ पटल तंतूभोवती थरावर थर गुंडाळले जाते. त्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग स्निग्ध द्रव्यांचा आणि उरलेला मुख्यतः प्रथिनांचा असतो. प्रथिने थोडी असली तरी थरांना एकमेकांशी जखडून ठेवण्याचे काम त्यांचेच. हातापायांच्या चेतांमध्ये ‘पी-शून्य’ हे प्रथिन निम्म्याहून अधिक असते. ही वीण उसवली की संदेश मंदावतात किंवा थांबतात. गियाँ-बारे या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच चेतांवर उलटते आणि बहुधा या आवरणाचाच नाश करते. कुष्ठरोगात तर जंतू थेट श्वॉन पेशीतच बिऱ्हाड करतो.

१९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांच्यासह खानोलकरांनी आणखी एक धाडस केले. मानवी भ्रूणाच्या चेतापेशींच्या संवर्धनात त्यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवला. तो अस्सल कुष्ठजंतू नव्हे, असे पुढे मानले गेले. तरीही त्यापासून कुष्ठरोगावरील एक लस तयार झाली. त्यांच्या सिद्धांताचेही तसेच झाले. जंतूंच्या प्रवासाचा मार्ग त्यांनी सांगितला तेवढाच नाही, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. पण चेतातंतू हेच या रोगाचे मर्मस्थान, हा गाभा टिकला. श्वॉन पेशीवरील कोणत्या प्रथिनाला जंतू चिकटतो ते १९९८ च्या सुमारास उमगले, आणि मायलिनचा नाश जंतू स्वतःही घडवू शकतो, हे २००२ मध्ये प्रयोगाने दिसून आले.

भारत सरकारने १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनचार वर्षांतच जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि महारोग पूर्ण बरा होऊ लागला.

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोड्याला बाबा आमटे महारोग्यांना हृदयाशी धरीत होते, त्याच काळात परळच्या प्रयोगशाळेत खानोलकर त्या रोगाचे मूळ शोधत होते. दोन्ही कामे एकमेकांना पूरकच होती. कारण अज्ञान गेल्याशिवाय भीती जात नाही. आपल्याकडे ती भीती किती खोल रुजली होती, याचा पुरावा कायद्यातच सापडतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत २०१९ सालापर्यंत नोंदलेले होते. औषधाने जंतू मरतो, पण पुरती निकामी झालेली चेता परत मिळत नाही. म्हणून अंगावरचा फिकट, बधिर चट्टा लपवण्याची नव्हे, वेळीच डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. कोवळ्या चट्ट्यापाशी थांबून पाहणाऱ्या खानोलकरांच्या आयुष्यातून आपण विद्यार्थ्यांनी एवढे जरी घेतले आणि घरीदारी चार माणसांना सांगितले, तरी त्यांच्या श्रमांचे चीज होईल.