पृथ्वी मोजणारे विद्वान : अबू रैहान अल्-बिरूनी

इस्लामी जगताने ज्ञानविज्ञानाच्या क्षेत्रात जी थोर माणसे दिली, त्यांत अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्-बिरूनी यांचे नाव फार वरच्या पंक्तीत घ्यावे लागते. गणित, खगोल, भूगोल, इतिहास, औषधिशास्त्र असा एकही विषय नाही, ज्यात त्यांनी काही नवी भर घातली नाही. परंतु आपल्या मुलामुलींनी त्यांच्या चरित्रातून विशेष घ्यावे असे काही असेल, तर ती त्यांची पद्धत. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्यांचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि मग वाद घालत न बसता स्वतः डोंगरावर चढून पृथ्वी मोजली.

अल्-बिरूनी यांचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतातील काथ या राजधानीच्या शहराजवळ झाला. अमू दर्याच्या काठचा हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. फारसीत ‘बिरून’ म्हणजे बाहेर. शहराबाहेरच्या वस्तीत जन्मलेला म्हणून बिरूनी. राजघराण्यातले गणिती अबू नस्र मन्सूर यांनी या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला शिकवले. पुढे शिष्याचा लौकिक वाढल्यावर गुरूने आपले काही ग्रंथ त्याच शिष्याच्या नावे अर्पण केले. गुरुशिष्यांच्या अशा जोड्या इतिहासात थोड्याच सापडतात.

वयाच्या सतराव्या वर्षी या तरुणाने दुपारच्या सूर्याची उंची मोजून काथ शहराचे अक्षांश काढले. पुढे गावांची स्थाने नेमकी मांडण्यासाठी त्यांनी दहा हात व्यासाचा एक अर्धगोल तयार करून घेतला आणि त्यावर ठिकाणे आखण्यास आरंभ केला. पण ९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तांतर झाले, गुरूचे घराणे पदच्युत झाले आणि बाविशीतल्या बिरूनींना सर्व काही मागे टाकून देश सोडावा लागला. तो गोलही गेला. गरिबीचे दिवस आले, परंतु अभ्यास थांबला नाही.

दोन वर्षांनी, मे ९९७ मध्ये, चंद्रग्रहणाचा योग आला. त्या वेळी बिरूनी काथ येथे होते आणि थोर गणिती अबुल् वफा बगदादमध्ये होते. दोघांनी अगोदरच ठरवून एकच ग्रहण दोन शहरांतून पाहिले आणि आपापल्या वेळा नोंदवल्या. ग्रहण एकाच क्षणी लागते, मात्र दोन्ही गावच्या स्थानिक वेळेत सुमारे एक तासाचा फरक निघाला. काथ पूर्वेकडे, म्हणून तिथे रात्र अधिक पुढे गेलेली. पृथ्वी ताटासारखी सपाट असती आणि सूर्य तिच्या एका कडेवर उगवत असता, तर तो सर्वांना एकदमच दिसला असता व हा फरक पडलाच नसता. या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर काढता येते. दूरध्वनी नाही, तार नाही, तरी दोन विद्वानांनी चंद्राचाच निरोप्या म्हणून उपयोग करून घेतला.

यानंतर काही काळ ते जुर्जान येथे काबूस या राजाच्या आश्रयास होते. तेथे सुमारे १००० साली त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणना, सण आणि पंचांगे यांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तरुण इब्न सीनांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. अॅरिस्टॉटलच्या मतांवर बिरूनींनी विचारलेले प्रश्न आजही वाचण्यासारखे आहेत. नाव कितीही मोठे असो, ते त्यांनी प्रश्न विचारल्याशिवाय मान्य केले नाही.

१०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांना गझनीस नेले. बिरूनीही त्यांत होते. परक्या दरबारातील हे जिणे सुखाचे नव्हते. १०१८ च्या ऑक्टोबरात काबूलजवळच्या एका खेड्यात त्यांना अक्षांश मोजायचे होते, पण जवळ एकही यंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या फळीच्या मागील बाजूस वर्तुळाचा कंस आखला, ओळंबा लावला आणि काम भागवले. प्रयोगशाळा नाही, साधने नाहीत, अशी तक्रार करून पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्याने ही फळी डोळ्यांसमोर आणावी.

इथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. पृथ्वीचा आकार आणि गावांचे अक्षांश-रेखांश यांसाठी एवढा अट्टहास कशाला? याचे एक उत्तर १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या त्यांच्या ग्रंथात मिळते. हा ग्रंथ ठिकाणांची स्थाने निश्चित करण्याविषयी आहे आणि गझनीचा किबला नेमका काढणे हे त्याचे एक मुख्य उद्दिष्ट आहे. मक्का शेकडो कोस दूर. तिची दिशा डोळ्यांना कशी दिसणार? ती गोलावरच्या त्रिकोणांचे गणित करूनच काढावी लागते. म्हणजे आपण ज्या दिशेला तोंड करून नमाज पढतो, ती दिशा ठरवणाऱ्या गणिताच्या मुळाशीच पृथ्वीचा गोल आहे. गोल पृथ्वी ही दीनच्या विरुद्ध आहे असे समजणाऱ्याने हे अवश्य ध्यानात घ्यावे.

पृथ्वीचे माप खलिफा अल्-मामून यांच्या काळातही, म्हणजे नवव्या शतकात, घेतले गेले होते. त्या विद्वानांनी सपाट मैदानात दोऱ्या घेऊन उत्तर-दक्षिण अंतर प्रत्यक्ष मोजले होते. त्यास माणसे, पैसा आणि राजाश्रय लागे. बिरूनींनीही तसा प्रयत्न करून पाहिला, पण साह्य मिळाले नाही. मग पंजाबातील मिठाच्या डोंगरांत नंदना किल्ल्यावर त्यांचा मुक्काम असताना त्यांना हवी तशी जागा सापडली : एक उंच डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी दूरवर पसरलेले सपाट मैदान. हा किल्ला आज पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यात आहे.

त्यांची युक्ती अशी. पृथ्वी गोल असेल तर उंचावर चढल्यावर क्षितिज डोळ्यांच्या समपातळीत न राहता किंचित खाली झुकलेले दिसले पाहिजे. जितके उंच चढावे तितके ते अधिक झुकेल. प्रथम त्यांनी खालच्या मैदानात दोन जागांवरून कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती ६५२ हात भरली. नंतर माथ्यावर जाऊन क्षितिजाचा झुकाव मोजला. एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातले ३४ भाग इतका तो भरला. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्या दोनच गोष्टींवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या निघते. त्यांचे उत्तर मामूनच्या विद्वानांच्या मापाशी बरेच जुळले. त्या काळचा हात नेमका किती लांब धरावा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याचाही परिणाम अशा मापावर होतो. म्हणून त्यांचे माप आजच्या मापाशी अगदी तंतोतंत जुळते असा दावा करू नये. तरी पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर आहे आणि बिरूनी त्याच्या आसपास पोचले होते, ही गोष्ट लहान नाही. एक माणूस, एक यंत्र आणि एक डोंगर, एवढ्यावर त्यांनी सारी पृथ्वी मोजली.

याच काळात त्यांनी प्रौढ वयात संस्कृत शिकण्यास आरंभ केला, पंडितांच्या संगतीत बसून ग्रंथ वाचले आणि सुमारे १०३० साली हिंदुस्थानविषयीचा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्यात कोकणाचा आणि त्याची राजधानी ठाणे हिचाही उल्लेख आहे. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची कशी धूळधाण झाली आणि विद्या कशी दूर निघून गेली, हेही त्यांनी गझनीत राहून स्पष्ट लिहिले.

या ग्रंथात सपाट पृथ्वीची आणि ग्रहताऱ्यांची पौराणिक कल्पना त्यांनी सविस्तर दिली आहे. त्या कल्पनेप्रमाणे पृथ्वी सपाट. तिच्या मध्यभागी मेरू पर्वत. त्याभोवती कड्यांसारखी सात द्वीपे आणि सात समुद्र. सूर्य मावळत नाही, तो मेरूभोवती फिरतो आणि पर्वताआड गेला की रात्र होते. ग्रहतारे ध्रुवाला वाऱ्याच्या बंधनांनी जखडलेले आहेत. आकाशाचे मजलेही ठरलेले : सर्वांत खाली सूर्य, त्यावर चंद्र, मग नक्षत्रे, मग बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, सप्तर्षी आणि सर्वांवर ध्रुव.

आता यात अडचण कोठे येते ते विद्यार्थ्यांनी पाहावे. चंद्र जर सूर्याच्या वर असेल तर सूर्यग्रहणात तो सूर्याला झाकणार कसा? त्याच्या कला कशा होणार? आणि चंद्र ग्रहांना आणि ताऱ्यांना झाकताना दिसतो, तेव्हा तोच सर्वांत जवळ असला पाहिजे. कथा ऐकायला सुंदर असते, पण आकाशाकडे पाहिले की तिचा हिशेब जुळत नाही.

मात्र बिरूनींनी यावरून हिंदू लोकांना अज्ञानी ठरवले नाही. उलट आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त या ज्योतिर्विदांना पृथ्वी गोल असल्याचे आणि ग्रहण सावलीमुळे होत असल्याचे ठाऊक होते, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. त्यांना खेद वाटला तो निराळ्याच गोष्टीचा. ब्रह्मगुप्तासारखा जाणता पुरुष सत्य ठाऊक असूनही एका ठिकाणी राहूच ग्रहण करतो या लोकमताची बाजू घेतो, हे त्यांना बोचले. न कळणे हा दोष नव्हे. कळूनही लोकांच्या भीतीने झाकून ठेवणे हा दोष, असा त्यांचा रोख होता.

आपल्या लोकांनाही त्यांनी सोडले नाही. छायेवरून वेळ काढण्याविषयीच्या त्यांच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका यंत्रावर रूमी महिन्यांची नावे कोरलेली होती, म्हणून एका कर्मठ गृहस्थाने ते मशिदीत नको म्हटले. परधर्मीयांचे अनुकरण कशाला, असा त्याचा आक्षेप. त्यावर रूमी लोक अन्न खातात आणि बाजारातून चालतातही, तेव्हा त्याही बाबतीत त्यांचे अनुकरण करू नये, असे त्याला सुनावण्यात आले. आपल्याकडेही काफ पर्वताने वेढलेल्या, बैलाच्या आणि माशाच्या पाठीवर ठेवलेल्या जमिनीच्या कथा लोकांत चालत आल्या. पण त्या कथा म्हणजे दीन नव्हे. कुराणाचे भाष्यकार इमाम फख्रुद्दीन राझी यांनी लिहिले आहे की फार मोठ्या गोलाचा लहानसा भाग सपाटच दिसतो, त्यामुळे जमीन अंथरलेली असणे आणि गोल असणे यांत विरोध नाही. आणि इमाम गझालींनी बजावले आहे की ग्रहणाच्या सिद्ध गणिताला धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचे नुकसानच करतो.

सपाट पृथ्वीची कल्पना जुन्या काळातच संपली असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात आगगाडी धावू लागलेल्या इंग्लंडात सॅम्युअल रोबॉथम या गृहस्थाने १८४९ मध्ये पुस्तिका काढून पृथ्वी सपाट असल्याचा प्रचार सुरू केला. त्याच्या मते उत्तर ध्रुव मधोमध, कडेला बर्फाची भिंत, आणि सूर्य काही शे मैलांवर फिरणारा लहानसा दिवा. मेरू गेला आणि त्या जागी ध्रुव आला, एवढाच फरक. आजही त्याचे अनुयायी आहेत आणि काही लोक तर या मताला धर्माचा रंग देऊन तरुणांपुढे मांडतात.

बिरूनींनी आपला खगोलशास्त्राचा महाग्रंथ सुलतान मसऊदला अर्पण केला. सुलतानाने हत्तीवर चांदी लादून पाठवली आणि त्यांनी ती परत केली, असे सांगतात. तरुणपणी सूर्यग्रहणे पाहून त्यांची दृष्टी अधू झाली होती, तरी लेखणी अखेरपर्यंत चालू राहिली. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या ग्रंथांची यादी केली तेव्हा ती शंभरावर गेली. सुमारे १०४८ मध्ये गझनी येथे ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या अखेरच्या घटकेची हकीकत अशी सांगतात की भेटीस आलेल्या एका फकीह मित्राला त्यांनी वारसाहक्काचा एक अवघड प्रश्न विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, असे मित्राला वाटले. पण अजाणतेपणी जाण्यापेक्षा जाणून जाणे बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. मित्राने उत्तर समजावून दिले, त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवले. मित्र रस्त्यावर पोचतो न पोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

पालक बंधुभगिनींनो, आपले मूल कुठून तरी सपाट पृथ्वीची गोष्ट ऐकून घरी येईल तेव्हा त्याला रागावू नका आणि गप्पही करू नका. त्याला समुद्रकिनारी न्या, गलबत दूर जाताना आधी त्याचा तळ दिसेनासा होतो आणि मग शीड, ते दाखवा. पुढचे चंद्रग्रहण गच्चीवर बसून पाहू द्या. चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली दर वेळी गोलच दिसते. आणि त्याला सांगा की हजार वर्षांपूर्वी आपल्यातलाच एक माणूस, घरदार गमावलेला, यंत्राशिवाय हिशेबाच्या फळीवर काम भागवणारा, एका डोंगरावर उभा राहून ही पृथ्वी मोजून गेला. तोच वारसा आपला आहे, आणि तो सांभाळण्याचा मार्ग एकच : शिकणे, विचारणे आणि मोजून पाहणे.