डॉ. जॉन केर ह्यांचें चरित्र

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन ह्या बंदरांत ता. १७ डिसेंबर १८२४ रोजीं जॉन केर ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मासळीचा व्यापार करीत. त्यांचें आरंभीचें कांहीं शिक्षण स्काय बेटांतील एका खेड्याच्या शाळेंत झालें. पुढें ते ग्लासगो युनिव्हर्सिटींत गेले व १८४९ सालीं एम्. ए. झाले. तेथें प्रोफेसर विल्यम टॉमसन, ज्यांस पुढें लॉर्ड केल्व्हिन ही पदवी मिळाली, ह्यांच्या हाताखालीं प्रयोग करण्याची संधि त्यांस लाभली. ती प्रयोगशाळा एका तळघरांत होती. परंतु तेथें लागलेली शोधाची गोडी जन्मभर टिकली.

१८४३ सालीं स्कॉटलंडांत फ्री चर्च स्थापन झालें. आपल्या मुंबईचे डॉ. विल्सन हेही त्याच मंडळीस मिळाले होते. केर ह्यांनीं ह्या मंडळीच्या कॉलेजांत ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. तथापि त्यांनीं पाळकाचें काम पत्करिलें नाहीं. १८५७ सालीं ते ग्लासगो येथील तिच्या ट्रेनिंग कॉलेजांत गणित शिकवूं लागले, आणि शाळामास्तर तयार करण्याचें हें काम त्यांनीं १९०१ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षें, केलें.

विजेचा प्रकाशावर कांहीं परिणाम होतो कीं काय, हें पाहण्याचा यत्न फॅरडे ह्यांनीं पूर्वीं केला होता; पण काचेवर तो त्यांस दिसला नाहीं. केर ह्यांनीं तोच प्रश्न हातीं घेतला. दोन विशिष्ट स्फटिक एकमेकांस आडवे धरिले म्हणजे पहिल्यांतून आलेला प्रकाश दुसरा अडवितो व पलीकडे अंधार दिसतो. ह्या दोहोंच्या मध्यें त्यांनीं जाड काच ठेविली, तीस समोरासमोर भोकें पाडून त्यांत तारा बसविल्या, आणि विजेचा मोठा जोर दिला. तों अंधाराच्या जागीं उजेड दिसूं लागला! हा शोध १८७५ सालीं प्रसिद्ध झाला. विजेचा जोर दुप्पट केला असतां परिणाम चौपट होतो, हा नियमही त्यांनीं पुढें काढिला. कार्बन डायसल्फाइड नांवाच्या द्रवांतही त्यांस तोच गुण आढळला.

ह्या शोधाचें मोल फार पुढें कळलें. १९६० सालीं अमेरिकेंत पहिला लेझर सिद्ध झाला. प्रत्येक प्रकाशकिरणांत विजेचा जोर असतोच. लेझरांत तो इतका मोठा होऊं शकतो कीं, तारांवांचून प्रकाश स्वतःच द्रवाचा गुण पालटतो. तोफखान्याच्या लोकांस अंतर मोजण्यास लेझर लागतो. नाशिक रोडजवळ देवळालीस तोफखान्याची शाळा आहे, हें आपणांस माहीतच आहे. अशा लेझराचा झोत सेकंदाच्या दहा कोटीव्या भागांत येऊन जाऊं शकतो. पापणी मिटण्यास सेकंदाचा सुमारें चौथा हिस्सा लागतो. तेवढ्यांत दृष्टि कायमची जाईल. म्हणून मंद प्रकाश सरळ जाऊं देणारे व प्रखर प्रकाश पसरून टाकणारे किंवा शोषून घेणारे पदार्थ शास्त्रज्ञ शोधीत आहेत. कार्बन डायसल्फाइड प्रखर झोतांत भिंगासारखें वागतें. पाण्यांत कालविलेली बारीक काजळी तापून प्रकाश विखुरते. सर्व रंगांच्या व सर्व जोराच्या लेझरास पुरा पडेल असा पदार्थ अद्याप सांपडलेला नाहीं. म्हणून त्या त्या लेझरास योग्य असा चष्मा लावणें आजही अवश्य आहे.

केर ह्यांस १८९० सालीं रॉयल सोसायटीनें सभासद केलें व १८९८ सालीं रॉयल पदक दिलें. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ग्लासगो येथें ते निवर्तले. लेझर त्यांनीं कधीं पाहिला नाहीं. रोजचे वर्ग संभाळून उरलेल्या वेळांत त्यांनीं हा शोध लाविला. आणि आज कित्येकांचे डोळे राखण्याच्या कामीं त्याचा आधार घेतला जात आहे. लहान जागीं निष्ठेनें काम करणाऱ्या आपल्या खेड्यापाड्यांतील मास्तरांनीं हें चरित्र अवश्य मनांत ठेवावें.