घाटावरचा मंत्र आणि शाहू महाराजांची श्रद्धा

कोल्हापूर : कार्तिकात पहाटे पंचगंगेत आंघोळ करायची रीत आपल्याकडं जुनी. राजर्षी शाहू महाराजही ती पाळायचे. १८९९ च्या कार्तिकात महाराज नदीत स्नान करीत होते आणि काठावर नारायण भटजी मंत्र म्हणत होते. सोबत मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या कानाला मंत्र खटकले. ते वेदोक्त नव्हते, पुराणोक्त होते, म्हणजे शूद्रांसाठीचे. भटजींना विचारलं तर महाराज शूद्र म्हणून पुराणोक्त, आणि त्यासाठी भटजीनं आंघोळ करायचीही गरज नाही, असं उत्तर आलं. थंडीत राजा पाण्यात आणि मंत्र म्हणणारा कोरडा!

महाराजांचं वय तेव्हा २५ वर्षं. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आलेले, १८९४ पासून कारभार हाती. त्यांनी राजोपाध्यांना वेदोक्त पद्धतीनं विधी करायला सांगितलं. राजोपाध्ये तयार झाले नाहीत, तेव्हा १९०२ मध्ये त्यांचं वतन काढून घेतलं. तक्रारी पार इंग्रज सरकारपर्यंत गेल्या, पण उपयोग झाला नाही. टिळकांचा केसरीही महाराजांच्या विरोधात होता. शेवटी १९०५ मध्ये शंकराचार्यांनी वेदोक्ताचा हक्क मान्य केला.

एवढं झाल्यावर एखाद्यानं देवाधर्माचं नाव टाकलं असतं. महाराजांनी टाकलं नाही. सत्यशोधकांना त्यांनी मदत केली, तरी वेदोक्ताचा आग्रह सोडला नाही. पुढं राजाराम कॉलेज आर्य समाजाकडं चालवायला दिलं. काहींना यात विसंगती दिसते. खरं तर त्यांचं भांडण देवाशी नव्हतंच. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणाऱ्यांशी होतं.

आणि असे लोक फक्त घाटावर नव्हते, महाराजांच्या घरातही होते. त्यांच्या पागेतल्या गंगाराम कांबळे या दलित नोकरानं हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच मराठा नोकरांनी त्याला बेदम मारलं. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामनं पाठ उघडी करून वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना चांगलीच अद्दल घडवली. गंगारामला मदत करून भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे. सोबतच्या मानकऱ्यांनाही मग नाही म्हणता यायचं नाही. छत्रपतीच पितोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची नाही, असा हुकूमच काढला.

दुसऱ्याच्या धर्माकडंही त्यांची नजर तशीच. मुसलमान पोरं शिकावीत म्हणून आधी मराठा बोर्डिंगमध्येच काही जणांची सोय केली. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्ष स्वतः महाराज. कुराण लोकांना मराठीत वाचता यावं म्हणून भाषांतरासाठी पदरचा पैसा दिला. दरबारचे गवई होते अल्लादिया खाँ. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायची सेवा करीत.

६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले, तेव्हा वयाची ४८ वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापुरात दसरा चौकात त्यांचा पुतळा आहे. मुस्लिम बोर्डिंग त्याच चौकात आहे आणि जैन बोर्डिंगही तिथंच.